तेरा दिवसांत युद्ध संपलं कसं? १९७१ मधला भारताचा वाटा, सोप्या भाषेत

दर १६ डिसेंबरला विजय दिवस येतो. पूर्व पाकिस्तानातल्या पाकिस्तानी सैन्याचे प्रमुख जनरल नियाझी शरणागतीवर सही करतानाचा तो फोटो मोबाइलवर फिरतो आणि त्याखाली ठरलेले प्रश्न येतात. एवढं मोठं सैन्य तेरा दिवसांत शरण कसं आलं? ढाक्यात हजारो सैनिक शिल्लक असताना नियाझींनी सही का केली? आणि ९३,००० कैदी हातात असताना आपण ते सोडून का दिले?

या तिन्ही प्रश्नांचं मूळ एकाच गोष्टीत आहे. भारताला पूर्व पाकिस्तानात, म्हणजे आजच्या बांगलादेशात, नुसती लढाई जिंकून भागणार नव्हतं. न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रांनी 'आता थांबा' म्हणण्याआधी ती संपवणं भाग होतं. सैन्य कुठून घुसवायचं, कुठली शहरं सोडून द्यायची, शरणागतीच्या कागदावर काय लिहायचं, या सगळ्यावर त्या घाईची छाप आहे.

भांडण मुळात कशाचं होतं?

१९७१ पर्यंत पाकिस्तान दोन तुकड्यांत होता आणि मध्ये सुमारे १,६०० किलोमीटर भारत. डिसेंबर १९७० च्या निवडणुकीत शेख मुजीबुर रहमान यांच्या अवामी लीगने पूर्वेकडच्या १६९ पैकी १६७ जागा जिंकल्या. ३१३ च्या संसदेत हे स्पष्ट बहुमत होतं. सत्ता मात्र मिळाली नाही. २५ मार्च १९७१ च्या रात्री पाकिस्तानी सैन्याने ढाक्यात कारवाई सुरू केली, मुजीब यांना पकडून पश्चिमेला नेलं, आणि त्यानंतरच्या महिन्यांत सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले.

एक कोटी माणसांना जेवू घालायचा खर्च कुणी उचलायचा? तेव्हा अर्थमंत्री होते यशवंतराव चव्हाण. नोव्हेंबरच्या मध्यापासून पत्रांवर पाच पैशांचं निर्वासित साहाय्याचं जादा तिकीट लावणं सक्तीचं झालं. ज्यांच्या घरी जुनी पत्रं आहेत त्यांनी पाकिटं उलटून पाहावीत, ते छोटं तिकीट सापडेल.

मग एप्रिलमध्येच सैन्य का घुसवलं नाही?

कारण भूगोल. जूनपासून तिथे पाऊस सुरू झाला की शेतं आणि रस्ते पाण्याखाली जातात, रणगाडे रुततात, विमानांना ढगांतून काही दिसत नाही. शिवाय उन्हाळ्यात हिमालयातल्या खिंडी मोकळ्या असतात, म्हणजे चीन मध्ये पडू शकला असता. डिसेंबरमध्ये त्याच खिंडी बर्फाने बंद होतात आणि बंगालची जमीन वाळलेली असते. लष्करप्रमुख सॅम माणेकशा यांनी इंदिरा गांधींना हे कसं ठणकावलं, ती हकीकत ते स्वतः नंतर फार खुलवून सांगत. सरकारलाही तेव्हा युद्धाची घाई नव्हती, असं बरेच अभ्यासक म्हणतात आणि ते पटण्यासारखं आहे.

हे महिने रिकामे गेले नाहीत. बांगलादेशचं हंगामी सरकार १७ एप्रिलला शपथ घेऊन मोकळं झालं होतं. कर्नल उस्मानी यांच्या हाताखालच्या मुक्तिवाहिनीने, म्हणजे बंगाली स्वातंत्र्यसैनिकांच्या फौजेने, देशाचे ११ विभाग पाडले आणि पूल, रेल्वे, तारायंत्रणा यांच्यावर घाव घालायला सुरुवात केली. भारतात प्रशिक्षण घेतलेले त्यांचे पाणबुडे १५-१६ ऑगस्टच्या रात्री पोहत जाऊन चितगाव, मोंगला, चांदपूर आणि नारायणगंजच्या बंदरांत जहाजांच्या बुडाशी सुरुंग चिकटवून आले.

याचा लष्करी परिणाम लक्षात घ्या. मुक्तिवाहिनी कधी, कुठे हल्ला करेल याचा नेम नसल्याने पाकिस्तानी सैन्य सीमेपासून आतल्या गावांपर्यंत छोट्या छोट्या तुकड्यांत विखुरलं. ३ डिसेंबरच्या संध्याकाळी पाकिस्तानी विमानांनी पश्चिमेकडच्या भारतीय विमानतळांवर बॉम्ब टाकले आणि युद्ध उघड सुरू झालं, तेव्हा पूर्वेतलं ते सैन्य आठ महिने झोपमोड सोसून थकलेलं होतं. तेरा दिवस हा हिशेब म्हणूनच थोडा फसवा आहे.

नद्यांनी चिरलेला प्रदेश

नकाशा पाहा. वायव्येकडून पद्मा, म्हणजे आपली गंगा. उत्तरेकडून जमुना, म्हणजे ब्रह्मपुत्रा. पूर्वेकडून मेघना. या तीन नद्या प्रदेशाचे चार तुकडे करतात आणि ढाका त्यांच्या मधल्या बेचक्यात बसतं. कुठूनही आलात तरी मोठं पात्र ओलांडल्याखेरीज ढाका नाही. त्यातल्या त्यात सोपी वाट उत्तरेकडून, मेघालयाच्या बाजूने. तिथे मोठी नदी एकदाच, तीही ब्रह्मपुत्रेचं जुनं, आटलेलं पात्र. पण त्या बाजूला भारताचं सैन्यही सगळ्यात कमी होतं.

नियाझींनी यावर आडाखा बांधला तो असा: जेसोर, बोगुरा, रंगपूर, जमालपूर, सिल्हेट, कोमिल्ला अशी मोक्याची शहरं किल्ल्यांसारखी लढवायची. भारत एकेका शहरापाशी अडकेल, आठवडे जातील, तोवर जग मध्ये पडेल. आडाखा वेडगळ नव्हता. हिली या सीमेवरच्या गावात भारताने समोरून धडक दिली, तेव्हा नोव्हेंबरअखेरीपासून डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत ती लढाई चालली आणि माणसं फार गेली.

भारताने बहुतेक ठिकाणी केलं ते उलट. शहरासमोर थोडं सैन्य ठेवून शत्रूला तिथेच गुंतवायचं आणि मुख्य तुकडी आडवाटेने पाठीमागे न्यायची. पक्क्या सडकेवर तोफा रोखलेल्या असत, म्हणून भातखाचरांच्या बांधावरून, बैलगाड्यांतून, सायकलरिक्षांतून आणि गावकऱ्यांच्या होड्यांतून दारूगोळा हलला. वाट दाखवायला मुक्तिवाहिनी होतीच. स्थानिक माणूस विरोधात असता तर ही पद्धत दोन दिवसही चालली नसती, कारण आडवाटेने पुढे गेलेल्या तुकडीची रसद तोडणं सगळ्यात सोपं असतं.

जमालपूर आणि पुंगलीचा पूल: जवळून पाहू

ही पद्धत प्रत्यक्षात कशी चालते ते उत्तरेकडच्या मोहिमेत स्वच्छ दिसतं, आणि तिथे मराठी पलटणींचा थेट संबंध आहे.

जमालपुरात लेफ्टनंट कर्नल सुलतान यांची ३१ बलुच ही पाकिस्तानी बटालियन पक्के मोर्चे बांधून बसली होती. भारताचे ब्रिगेडियर हरदेवसिंग क्लेर यांनी नदी ओलांडून १ मराठा लाइट इन्फंट्री शहराच्या दक्षिणेला नेली आणि ढाक्याकडे जाणारा रस्ता अडवला. पलटणीचे प्रमुख होते लेफ्टनंट कर्नल के. एस. ब्रार. मग ९ डिसेंबरला क्लेर यांनी मुक्तिवाहिनीच्या एका माणसाला पांढरा झेंडा देऊन आत धाडलं. चिठ्ठीत मजकूर असा: तुम्ही वेढले गेला आहात, माझ्यासाठी विमानांच्या चाळीस फेऱ्या राखून ठेवल्या आहेत, शरण या. उत्तरादाखल आलेल्या कागदात बंदुकीची गोळी गुंडाळलेली होती. चाळीस फेऱ्या कमी पडतील, आणखी मागवा, आणि पुढच्या भेटीत तुमच्या हातात लेखणीऐवजी स्टेनगन दिसू दे, अशा आशयाचं ते पत्र.

पत्र झोकदार होतं. पण १० डिसेंबरच्या रात्री हीच बलुच पलटण अंधारातून ढाक्याकडे निसटायला निघाली आणि वाटेवर दबा धरून बसलेल्या मराठ्यांच्या माऱ्यात सापडली. दोनशेहून अधिक सैनिक तिथे पडले. दुसऱ्या दिवशी जमालपूर शरण आलं.

त्याच ११ डिसेंबरच्या दुपारी त्या रस्त्यावर आणखी दक्षिणेला, टांगाईलजवळ, २ पॅरा ही पलटण हवाई छत्र्यांनी उतरली. ही मूळची मराठा लाइट इन्फंट्रीचीच बटालियन. कामगिरी एकच: लोहाजंग नदीवरचा पुंगलीचा पूल धरायचा, म्हणजे उत्तरेकडून माघार घेणारी पाकिस्तानी ब्रिगेड ढाक्याच्या बचावाला पोचणार नाही. छत्रीने उतरणं चित्रपटात वाटतं तितकं नीटनेटकं नसतं. वारा आणि विमानाचा वेग यांमुळे माणसं पसरतात, अवजड सामान भलतीकडेच जातं. इथेही काही सामान तळ्यांत आणि खाचरांत पडलं. ते शोधून आणायला आजूबाजूचे गावकरी धावले, आणि कादेर सिद्दिकी यांच्या मुक्तिसैनिकांनी तो परिसर आधीच राखला होता. संध्याकाळी पूल हातात आला. रात्रभर माघारी येणाऱ्या तुकड्या त्यावर आदळत राहिल्या. १२ तारखेला उत्तरेकडून १ मराठा येऊन मिळाली.

उतरले होते जेमतेम सातशे जण. बातम्यांत मात्र सबंध ब्रिगेड उतरल्याचं छापून आलं. ढाक्यात बसलेल्या नियाझींनाही आपल्याभोवती किती भारतीय सैन्य आहे, याचा नेमका अंदाज शेवटपर्यंत आला नाही.

मेघना: पूल उडाला, मग पुढे काय?

पूर्वेकडे लेफ्टनंट जनरल सगतसिंग यांची चौथी कोअर होती. ९ डिसेंबरला पाकिस्तानी सैन्याने आशुगंजचा रेल्वेपूल उडवला. मेघनेचं पात्र तिथे प्रचंड रुंद, पक्का पूल बांधायला कित्येक दिवस लागले असते. सगतसिंग यांनी मोजकीच एम.आय.-४ हेलिकॉप्टरं घेतली आणि माणसं फेऱ्या मारमारून पैलतीरी, रायपुऱ्याकडे उतरवली. रात्रीसुद्धा फेऱ्या चालू. उतरण्याची जागा दिसावी म्हणून खाली मिणमिणते दिवे.

हेलिकॉप्टरने माणूस जातो, रणगाडा जात नाही. पी.टी.-७६ हे रणगाडे पाण्यात तरंगतात खरे, पण ते बनवले छोट्या नद्यांसाठी. अर्ध्या तासाच्या आसपास पोहले की इंजिन तापतं. मग त्यांना होड्या बांधून ओढायची वेळ आली. तोफाही अशाच नेल्या. सगतसिंग यांना मेघनेपलीकडे जाण्याचा स्पष्ट आदेश होता का, आणि मूळ योजनेत ढाका हे लक्ष्य होतं का, यावर सेनानींच्या आठवणींत अजून भांडणं आहेत. ढाक्याची वाट उघडली ती या नदीवर, एवढं मात्र कुणी नाकारत नाही.

आकाश आणि समुद्र

पूर्वेत पाकिस्तानी हवाई दलाची सेबर लढाऊ विमानांची एकच स्क्वॉड्रन होती. भारताने ती हवेत हुडकत बसण्यापेक्षा मिग-२१ विमानांनी ढाक्यातल्या तेजगाव विमानतळाच्या धावपट्टीवर खड्डे पाडले. विमानं शाबूत, पण उडणार कुठून? ६-७ डिसेंबरनंतर पूर्वेचं आकाश मोकळं झालं. समुद्रावर विक्रांत या विमानवाहू जहाजावरच्या विमानांनी चितगाव आणि कॉक्स बाजार झोडपलं आणि नाकेबंदी केली, म्हणजे बाहेरून मदत बंद आणि निसटायची वाटही बंद.

पश्चिमेला ४ डिसेंबरच्या रात्री क्षेपणास्त्र नौकांनी कराची गाठली. या नौका छोट्या, इंधन कमी, म्हणून बरंच अंतर त्यांना मोठ्या जहाजांनी ओढून नेलं. किंमतही मोजावी लागली: ९ डिसेंबरच्या रात्री दीवजवळ हंगोर या पाकिस्तानी पाणबुडीने आय.एन.एस. खुकरी ही भारतीय युद्धनौका बुडवली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले.

न्यूयॉर्कमधली शर्यत

शस्त्रसंधी आणि शरणागती यांतला फरक समजला की हे अख्खं युद्ध समजतं. जमिनीच्या दाव्यात कोर्टाने स्टे दिला तर काय होतं? जो जिथे आहे तिथे थांबतो, मालकी कुणाची हे लटकलेलंच राहतं, आणि तारखा पडत राहतात. ताबा मिळणं ही वेगळी गोष्ट. शस्त्रसंधी म्हणजे स्टे, शरणागती म्हणजे ताबा.

पाकिस्तान आणि त्याच्या पाठीशी असलेल्या अमेरिकेला शस्त्रसंधी हवी होती, आणि तीही दोन्ही सैन्यांनी आपापल्या हद्दीत परतावं या अटीवर. तसं झालं असतं तर पाकिस्तानी सैन्य ढाक्यात राहिलं असतं आणि एक कोटी निर्वासित छावण्यांत. सुरक्षा परिषदेत असे ठराव येताच सोव्हिएत संघाने नकाराधिकार वापरला, म्हणजे एका कायम सदस्याच्या 'नाही'ने ठराव पडला. ४, ५ आणि १३ डिसेंबर असं तीनदा झालं. आमसभेत मात्र ७ डिसेंबरला शस्त्रसंधी आणि माघारीच्या बाजूने १०४ देश, विरोधात ११, तटस्थ १०. आमसभेचा ठराव बंधनकारक नसतो, पण जगाचं मत कुठे आहे ते दिसलं.

'रशियाच्या जिवावर जिंकलो' हे खरं का?

अर्धं. सोव्हिएत संघाशी झालेल्या ९ ऑगस्टच्या मैत्री कराराने भारताला आडोसा दिला. संकट आलं तर दोन्ही देश तातडीने सल्लामसलत करतील, असं त्याच्या नवव्या कलमात होतं. पण नकाराधिकार वेळ मिळवून देतो, नदी ओलांडून देत नाही. आणि ती सवलत अमर्याद नव्हती. मॉस्कोलाही जगात एकटं पडायचं नव्हतं. त्यांचे उपपरराष्ट्रमंत्री वासिली कुझनेत्सोव्ह डिसेंबरमध्ये दिल्लीत येऊन बसले होते, आणि लवकर आटोपा हाच मॉस्कोचा सूर होता.

अमेरिकेच्या एंटरप्राइझ या विमानवाहू जहाजाबद्दलही दंतकथा खूप आहेत. ते जहाज असलेला ताफा बंगालच्या उपसागरात शिरला १५ डिसेंबरला. तोपर्यंत ढाक्यातून शस्त्रसंधीचा निरोप निघून चुकला होता.

शेवटचे तीन दिवस

ढाक्यातला धीर त्याआधीच सुटत होता. १० डिसेंबरला गव्हर्नरचे लष्करी सल्लागार मेजर जनरल राव फर्मान अली यांनी संयुक्त राष्ट्रांच्या प्रतिनिधीकडे शस्त्रसंधीचा प्रस्ताव दिला. पाकिस्तानचे अध्यक्ष याह्याखान यांनी तो मागे घ्यायला लावला.

१४ तारखेला गव्हर्नमेंट हाउसमध्ये बैठक होणार असल्याचा संदेश भारताने मध्येच टिपला, आणि मिग विमानांनी त्या इमारतीवर रॉकेटं डागली. गव्हर्नर मलिक यांनी हल्ला चालू असतानाच राजीनामा लिहिला आणि ते रेडक्रॉसच्या संरक्षणाखालच्या इंटरकॉन्टिनेंटल हॉटेलात गेले. मुलकी सरकार संपलं. त्याच दिवसांत पाकिस्तानी सैन्याला साथ देणाऱ्या अल-बद्र या स्थानिक संघटनेच्या टोळ्यांनी ढाक्यातल्या प्राध्यापकांना, डॉक्टरांना, पत्रकारांना घरांतून उचलून ठार केलं. बांगलादेशात १४ डिसेंबर हा शहीद बुद्धिजीवी दिवस म्हणून पाळतात. विजयाच्या आपल्या गोष्टीत हा भाग बहुधा गळतो.

त्या संध्याकाळी नियाझींनी अमेरिकेचे वाणिज्यदूत स्पिव्हॅक यांच्यामार्फत शस्त्रसंधी मागितली. माणेकशा यांनी उत्तर दिलं: शस्त्रसंधी नाही, शरणागती. विचार करायला म्हणून १५ तारखेच्या संध्याकाळी ५ पासून दुसऱ्या दिवशी सकाळी ९ पर्यंत हवाई हल्ले थांबवले आणि संपर्कासाठी रेडिओच्या लहरीही कळवल्या. मुदत नंतर दुपारी ३ पर्यंत वाढली.

१६ च्या सकाळी भारताचे मेजर जनरल गंधर्व नागरा ढाक्याच्या वेशीवर, मीरपूरच्या पुलापाशी पोचले आणि जुन्या ओळखीच्या नियाझींना त्यांनी चिठ्ठी पाठवली. दुपारी भारताच्या पूर्व कमांडचे मेजर जनरल जेकब हेलिकॉप्टरने शरणागतीचा मसुदा घेऊन उतरले. त्यांच्या सांगण्याप्रमाणे तेव्हा ढाक्यात २६,४०० पाकिस्तानी सैनिक होते आणि शहराभोवती भारतीय जेमतेम ३,०००.

मग नियाझींनी सही का केली? काही आठवडे ते लढू शकले असते, असं म्हणणारे आहेत. पण कशाच्या आशेवर? विमानं नाहीत, बंदर नाही, बाहेरची शहरं एकेकटी पडलेली, गव्हर्नर गेलेला, आणि रस्त्यावर सूड घ्यायला टपलेली जनता. त्यांच्या सैनिकांना सगळ्यात मोठी भीती होती ती मुक्तिवाहिनीच्या हाती सापडण्याची.

कागदाचा मजकूर वाचला की हे स्पष्ट होतं. शरणागती आहे 'भारत आणि बांगलादेशच्या फौजांचे' पूर्वेकडचे प्रमुख लेफ्टनंट जनरल जगजितसिंग अरोरा यांच्यापुढे. शस्त्रं खाली ठेवायची ती सर्वांत जवळच्या नियमित सैन्यापुढे. शरण येणाऱ्यांना जिनिव्हा कराराप्रमाणे वागणूक मिळेल, आणि परदेशी नागरिक, अल्पसंख्य व पश्चिम पाकिस्तानी माणसं यांना संरक्षण मिळेल. नियाझींना हवी असलेली हमी या ओळींत होती. रमणा रेसकोर्सवर, हजारो लोकांसमोर सही झाली. कागदावर छापलेली वेळ दुपारी ४ वाजून ३१ मिनिटं. बांगलादेशच्या बाजूने ग्रुप कॅप्टन खोंदकर हजर होते, उस्मानी नव्हते. ही खंत तिकडे आजही बोलून दाखवली जाते, आणि ती रास्त आहे.

पश्चिमेला का थांबलो? कैदी का सोडले?

पूर्वेतलं उद्दिष्ट साधलं होतं. पश्चिमेत पुढे जायचं तर नवं उद्दिष्ट ठरवावं लागलं असतं, आणि जगापुढे 'निर्वासितांना घरी जाता यावं म्हणून लढलो' हे म्हणणं टिकलं नसतं. १७ डिसेंबरला रात्री ८ पासून भारताने एकतर्फी शस्त्रसंधी केली आणि याह्याखान यांनी ती मान्य केली. दोन्ही आघाड्यांवर मिळून भारताचे ३,८०० हून अधिक जवान गेले होते. बांगलादेशातून भारतीय सैन्याचा निरोपाचा संचलन सोहळा झाला १२ मार्च १९७२ ला, म्हणजे तीन महिन्यांच्या आत.

९३,००० हा आकडा सगळा सैनिकांचा नाही. त्यातले सुमारे ८०,००० गणवेशातले, म्हणजे सैन्य, निमलष्करी दलं आणि पोलीस. बाकी मुलकी अधिकारी आणि कुटुंबं. तिसऱ्या जिनिव्हा कराराच्या ११८ व्या कलमानुसार प्रत्यक्ष लढाई थांबल्यावर युद्धकैद्यांना विनाविलंब सोडायचं असतं. 'काश्मीर लिहून घ्या, मग सोडा' हे चावडीवर ऐकायला बरं वाटतं, पण कैद्यांच्या बदल्यात जमीन हा सौदा त्या करारात बसत नाही. भारताने त्यांना इतका काळ, शेवटच्यांना तर दोन वर्षांहून अधिक, ठेवलं ते शरणागती संयुक्त फौजांपुढे झाली आहे, बांगलादेशच्या संमतीशिवाय निर्णय होणार नाही, या मुद्द्यावर. त्यांना पोसायचा खर्चही आपल्याच तिजोरीतून होत होता.

जुलै १९७२ च्या सिमला करारात कैद्यांचा निकाल लागलाच नाही. तो लागला ऑगस्ट १९७३ च्या दिल्ली करारात, ज्यात पाकिस्तानात अडकलेले बंगाली आणि बांगलादेशात अडकलेले उर्दूभाषक 'बिहारी' यांची अदलाबदलही होती. फेब्रुवारी १९७४ मध्ये पाकिस्तानने बांगलादेशला मान्यता दिली आणि एप्रिल १९७४ मध्ये शेवटचे कैदी वाघ्याहून परतले. त्यांच्यात नियाझीही होते. ज्या १९५ जणांवर बांगलादेश युद्धगुन्ह्यांचा खटला चालवणार होता, तेही त्या महिन्यातल्या त्रिपक्षीय करारानुसार सुटले. २०१० मध्ये ढाक्यात न्यायाधिकरण बसलं ते स्थानिक साथीदारांपुरतं. त्या १९५ पैकी एकावरही खटला उभा राहिला नाही.